उलट्या प्रदक्षिणांची गाडी

मी एक जुनी, चार सिलिंडरची, दोन दारांची छोटी गाडी आहे. दोन दारांची हे आपलं सवयीने म्हणते. दोन्ही दारं वेल्डिंग करून कायमची बंद केली, त्याला आता सात वर्षं होतील. माझ्यात माणूस शिरायचा तो खिडकीतून, पाय आधी. मित्रांनो, माझ्या अंगावर अकरा हा आकडा रंगवलेला आहे आणि मी जे सांगणार आहे त्यातलं बारा आणे खरं आहे. उरलेले चार आणे ओहायोच्या बर्फात गंजून गेले, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म १९७४ सालचा. त्या सुमाराला पेट्रोल महागलं आणि जहाजाएवढ्या गाड्या चालवणारे लोक अचानक काटकसरी झाले. म्हणून मला लहान बनवलं. एका शाळामास्तरीणबाईंनी मला विकत घेतलं आणि सात वर्षं मी चर्च आणि दाताचा डॉक्टर यांच्यामध्ये ये-जा केली. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ माझा तळ खात गेलं. एक दिवस बाईंची चप्पल माझ्या तळातून रस्त्यावर पडली आणि बाईंनी मला भंगारात घातलं.

तिथे माझ्यासारख्या पुष्कळजणी होत्या. आणि नेमके तेव्हाच आमचे दिवस फिरले. ओहायोत गावोगावी पाव मैलाचे गोल ट्रॅक होते. शनिवारी संध्याकाळी त्यांवर आठ सिलिंडरच्या दांडग्या गाड्या गरगरायच्या. पण त्या बाळगणं साध्या माणसाला परवडेना. मग कोणीतरी म्हणालं, भंगारातल्या या चिमण्या पळवल्या तर? आतल्या सीट काढा, काचा काढा, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवा, दारावर नंबर रंगवा, झाली मिनी स्टॉक! मोठ्या गाड्यांचे मालक आम्हाला ‘शिलाई मशीन’ म्हणून हसायचे. हसेनात का. दोन-तीन वर्षांत दर ट्रॅकवर त्यांच्यापेक्षा आमचीच रांग लांब झाली.

माझा मालक होता दिगंबर. सांगलीहून इंजिनियर होऊन कोलंबसच्या विद्यापीठात पीएच.डी. करायला आलेला. त्याने मला भंगारातून आणलं ते भाजी आणायला. मग एका शनिवारी खोलीतल्या पोरांबरोबर तो कोलंबसजवळच्या डब्लिनच्या पुढच्या एका गावात शर्यत बघायला गेला आणि परत आला तो दुसराच माणूस होऊन. त्या महिन्यात माझ्या सीट गेल्या.

आता जरा नीट ऐका, कारण सगळी गंमत इथे आहे. या ट्रॅकवर गाड्या फक्त डावीकडे वळतात. दुसरं वळणच नाही. म्हणून शहाणे लोक गाडीची चाकं किंचित डावीकडे कलवून ठेवतात, सायकलवाला वळणावर झुकतो तशी. दिगंबरने शंभर पानी वही करून हे सगळं गणिताने काढलं. सूत्रं बरोबर, कोन बरोबर. पण पहिल्या पानावर ट्रॅकचा गोल काढताना त्याचा हात लहानपणापासून जसा देवळाभोवती गेला होता तसाच गेला, उजवीकडे. पुढची नव्याण्णव पानं त्या गोलावर उभी राहिली आणि माझी चारही चाकं उजवीकडे कलली.

मला पहिल्याच वळणावर कळलं. पण गाडीला कोण विचारतो?

विचारण्यासारखा माणूस शेजारीच होता. अर्ल नावाचा म्हातारा मेकॅनिक, चाळीस वर्षं याच ट्रॅकवर घालवलेला. त्याने पहिल्या दिवशीच माझ्या चाकांकडे पाहून भुवया वर केल्या होत्या. पण तिथला रिवाज असा, की समोरच्याने विचारल्याशिवाय त्याच्या गाडीबद्दल बोलायचं नाही. दुसऱ्याच्या आमटीत आपण मीठ टाकतो का? आणि दिगंबर विचारणार नाही. पीएच.डी. करणारा मुलगा, तो ग्रीस माखलेल्या माणसाला काय विचारणार! हा विचारत नाही, तो सांगत नाही, आणि त्या दोघांच्या शिष्टाचारात मी बाहेरच्या भिंतीवर आपटत होते. एकतीस शर्यती. एकतीस वेळा शेवटचा नंबर. तिसऱ्या वळणावरच्या भिंतीशी माझी इतकी ओळख झाली की मी आले नाही तर ती चौकशी करायची.

खोलीतला राजीव पुण्याचा. तो म्हणायचा, “दिग्या, शेवटून पहिला यायचा तुझा कन्सिस्टन्सी रेकॉर्ड आहे यार! थीसिस यावरच लिही.”

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये दिगंबरची आई आली, शरयूबाई. दुसऱ्याच दिवशी त्यांना तांदळाच्या डब्यामागे हेल्मेट सापडलं.

“हे काय रे?”

“हेल्मेट आहे, आई.”

“ते दिसतंय मला. तुझ्याकडे स्कूटर नाही.”

मग सगळं बाहेर आलं. प्रबंधाची दोन प्रकरणं झालीत आणि शर्यती एकतीस झाल्यात, हेही. शरयूबाई रागावल्या नाहीत. हेल्मेट पदराने पुसून त्यांनी पुन्हा डब्यामागे ठेवलं. रागवण्यापेक्षा ते वाईट. दिगंबरने घाबरून शब्दच देऊन टाकला. “आई, लास्ट रेस. या शनिवारी पहिल्या पाचांत आलो नाही तर गाडी डर्बीत देतो आणि लिहायला बसतो. प्रॉमिस.”

“डर्बी म्हणजे?”

“सीझन संपला की जुन्या गाड्या मैदानात सोडतात, काकू,” राजीवने सांगितलं. “एकमेकींवर आपटायच्या. जी शेवटपर्यंत हलत राहील ती जिंकली.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या पत्रा म्हणून विकतात.”

शरयूबाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पार्किंगमध्ये उभी होते. मी काही तोंड वाईट केलं नव्हतं. गाडीला पुढे दोन दिवे असतात, ते नेहमीच तसे दिसतात.

शनिवारी त्या आल्या. नऊवारी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. त्यांना माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीत बसवलं. सरावाच्या गाड्या फिरू लागल्या तशी त्यांची मान त्यांच्याबरोबर फिरू लागली आणि थांबली.

दिगंबर सरावाच्या आठ फेऱ्या मारून परत आला, तर त्या म्हणाल्या, “अरे, हे सगळे उलट्या प्रदक्षिणा घालतायत!”

“आई, रूल आहे तसा.”

“मध्ये काय आहे?”

“मध्ये? गवत आहे. आणि ॲम्ब्युलन्स.”

“ॲम्ब्युलन्सला उलट्या प्रदक्षिणा घालू नयेत, दिगू. ती पावते.”

राजीव हसून हसून टायरवर बसला. दिगंबरने कपाळाला हात लावला. त्या मात्र हसल्या नाहीत. “किती फेऱ्या?” “पंचवीस.” “मग शेवटी एक तरी सुलटी घाल. माझ्यासाठी.” तो घाईघाईने “बरं, बरं” म्हणाला. आईला आपण म्हणतो तसं.

राजीव टायरवर बसलेला बघून शरयूबाई उठल्या. “ऊठ, तापलेलं असेल ते.” आणि त्यांनी माझ्या उजव्या पुढच्या चाकावर तळहात टेकवला. चाळीस वर्षं तव्यावरची भाकरी हाताने उलटणारी बाई ती. चाकाच्या बाहेरच्या कडेवर हात ठेवला, मग मधोमध, मग आतल्या कडेवर. मग पुन्हा बाहेर.

“दिगू, हे बाहेरून करपलंय आणि आतून कच्चं आहे. तवा वाकडा आहे तुझा.”

“आई, अँगल कॅल्क्युलेट केलेला आहे.”

“मग त्यांना विचार.” त्यांनी अर्लकडे बोट केलं. अर्लही तेव्हा आपल्या टायरवर तसाच तळहात फिरवत होता. कडेला, मध्ये, आत.

“असं विचारत नाहीत इथे.”

“का? मुके आहेत ते?”

शरयूबाई स्वतःच गेल्या. इंग्रजी शब्द एक येत नव्हता. त्यांनी अर्लपुढे डबा उघडला, त्याने लाडू घेईपर्यंत धरून ठेवला, मग माझ्या चाकाकडे बोट करून भुवया वर केल्या. नेमक्या त्याने पहिल्या दिवशी केल्या होत्या तशा. अर्लने लाडू खाल्ला. बोटं चाटली. आणि दिगंबरला म्हणाला, “दोन वर्षं वाट बघतोय मी, पोरा. तू विचारशील म्हणून. तुझी गाडी उजवीकडे वळायला बनवलेली आहे.”

दिगंबरने वही उघडली. पहिलं पान पाहिलं. मिटली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला आरशात दिसल्या.

“मला... दाखवाल का?” तो म्हणाला. माझ्या हिशेबाने त्या दिवसातलं सगळ्यात अवघड वळण ते.

चाळीस मिनिटांत अर्लने माझी चारही चाकं डावीकडे कलवली आणि उजवीकडचे टायर डावीकडे, डावीकडचे उजवीकडे केले. लाडू पाच संपले.

आमच्या ट्रॅकवर आणखी एक रिवाज होता. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे उभी करायची आणि वेगवान मागे, म्हणजे प्रेक्षकांना मजा येते. त्यामुळे एकतीस वेळा शेवटची आलेली मी पहिल्या रांगेत होते. हिरवं निशाण पडलं. मी डावीकडे वळले, आणि मित्रांनो, खरंच वळले! दोन वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या वळणावर भिंत माझी वाट बघत होती. तिला मी लांबूनच नमस्कार केला.

पंधरा फेऱ्या आम्ही पुढे होतो. त्या वेळी माझा वेग इतका होता की अकरातला एक आकडा मागे राहिला आणि तो पकडायला पुढची फेरी घ्यावी लागली, असं मी नेहमी सांगते. मग खऱ्या वेगवान गाड्या आल्या. एक गेली, दुसरी गेली, विसाव्या फेरीला तिसरी. पाचवी मागून ढुशा देत होती. दिगंबरची स्टिअरिंगवरची मूठ घट्ट होती. शर्यत संपल्याचं चौकटींचं निशाण फडकलं तेव्हा आम्ही चौथे होतो.

चौथे! डर्बी टळली. दिगंबर पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात उड्या मारत होता. आणि त्याच आनंदात त्याला ते “बरं, बरं” आठवलं. त्याने मला अर्ध्या गोलात फिरवलं आणि उलट्या दिशेने, म्हणजे आईच्या दिशेने, सोडलं.

समोरून येणाऱ्या गाड्या गवतात घुसल्या. एकीने ॲम्ब्युलन्सला हळूच धक्का दिला. पण एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे शर्यतीत त्याचं तोंड आतल्या गवताकडे असतं. त्या एका फेरीत दिगंबर पहिल्यांदाच लोकांच्या बाजूला आला. दोन वर्षं ज्यांनी अकरा नंबरला हसून घेतलं होतं त्यांना तो दिसला, दात काढून हसणारा एक सावळा, चष्मेवाला मुलगा. लोक उभे राहिले. शरयूबाईंनी दोन्ही हात जोडले.

ट्रॅकची मालकीण डॉट खाली आली. धिप्पाड बाई, गळ्यात शिट्टी. “शर्यतीच्या उलट दिशेने गाडी चालवली. बाद. नियम म्हणजे नियम.” आणि चौथ्या नंबरवर रेघ मारून तिने मला बत्तिसाव्यांदा शेवटी नेऊन बसवलं.

दिगंबर वाद घालत नव्हता. “शब्द म्हणजे शब्द,” म्हणाला आणि त्याने डर्बीच्या यादीवर सही करायला पेन मागितलं.

“थांब,” शरयूबाई म्हणाल्या. “शब्द तू दिलास. मी नाही दिला.”

त्या डॉटपुढे जाऊन उभ्या राहिल्या. डबा उघडला. एकच लाडू उरला होता. “दिगू, सांग यांना. इतक्या गाड्या दर शनिवारी फिरतात आणि मध्ये रिकामं आहे. बरं दिसत नाही. हिला तिथे ठेवा म्हणावं.”

“आई, प्लीज. असं नाही विचारत.”

“मघाशी पण हेच म्हणालास.”

त्याने मान खाली घालून सांगितलं. डॉटने लाडू तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, गवताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “तिथून ट्रकवाले आडवे घुसतात,” ती शेवटी म्हणाली. “काहीतरी ठेवायचंच होतं मला.”

या गोष्टीला पाच वर्षं झाली. दिगंबरचा प्रबंध पूर्ण झाला. तो आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो आणि ऑफिसात सगळ्यात आधी प्रश्न विचारतो म्हणे. माझं इंजिन अर्लने दुसऱ्या छोट्या गाडीला दिलं. त्या रिकाम्या जागेत डॉटने माती भरून फुलं लावली. ससे खात नाहीत म्हणून तिने नेमका झेंडू लावला. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

शरयूबाई दर दिवाळीला सांगलीहून दिगंबरकरवी अर्लला पत्र पाठवतात. त्यात एकच प्रश्न असतो, गाडीची चाकं हाताला कशी लागतात? मी तर हलत नाही. तरी अर्ल काठी टेकत गवतात येतो आणि माझ्या चारही चाकांवर तळहात फिरवून जातो. कडेला, मध्ये, आत. मग उत्तर लिहितो.

तर मित्रांनो, तुमच्या दारात एखादी जुनी गाडी, सायकल, काहीही उभं असेल, तर जाता-येता त्याला हात लावून बघा. आम्हाला बोलता येत नाही, पण कुठे करपलंय ते हाताला कळतं. आणि नाहीच कळलं, तर शेजारच्याला विचारा. त्यात कमीपणा नाही.

आता मला थांबलं पाहिजे. शनिवार आहे, संध्याकाळ होत आली. मोटारी रांगेत लागल्यात. आज बावीस जणी आहेत. पंचवीस फेऱ्या माझ्याभोवती घालतील, उलट्याच. मी काही मनावर घेत नाही.