मुखपृष्ठावरची चांगुणा

"हाच फोटो घ्या," संचालक मार्तंडसाहेबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "काय गोड हसते म्हातारी! प्रवेश सुरू व्हायच्या आत अंक घरोघरी गेला पाहिजे."

अश्वजितचा माऊसवरचा हात थांबला. मेहकरजवळच्या या मेडिकल कॉलेजचं मासिक तोच जुळवायचा. हुद्दा कारकुनाचा, भानगडी सतराशे साठ.

"साहेब, ही माझी आई, चांगुणा. मागच्या आठवड्यात वारली."

"अरेरे! काय झालं होतं?"

काय सांगणार, कपाळ? छातीत कळा येऊ लागल्या तेव्हा तो आईला इथंच घेऊन आला होता. लखलखीत फरशी होती, रांगेनं खाटा होत्या, डॉक्टर तेवढा नव्हता. इथले डॉक्टर सरकारी मान्यतेच्या तपासणीच्या दिवसापुरते यायचे आणि रोगीही. वरून कीर्तन, आतून तमाशा. "अकोल्याला न्या," शिपायानं सांगितलं. आई वाटेतच गेली.

फोटो त्याआधीच्या तपासणीचा. पथक येणार म्हटलं की कॉलेजची जीप गावोगाव फिरायची आणि धडधाकट माणसं आणून खाटांवर निजवायची. आपल्या गावची, दुसरबीडची माणसं अश्वजितनंच जमवली होती, आईसकट. 'जिंदगीत पह्यल्यांदा दिवसा निजली बाप्पा मी!' म्हणत ती हसली आणि त्यानं मोबाइलवर टिपलं.

"साहेब, दुसरा कोणाचाही लावा. हा नको."

"भावना समजतात रे. पण तुझी आई जिल्हाभर पोचेल बघ. खाली ओळ टाक, 'उपचारानंतर ठणठणीत'."

'नाही टाकत' असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण पोट कोणाला चुकलंय? त्यानं ओळ टाकली. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी तो दुसरबीडला गेला, तर अंक त्याच्याआधी घरात पोचलेला. आधार कार्डावरचा आईचा फोटो मोठा करून त्यानं आणला होता. वडिलांनी, पंजाबरावांनी, तो बाजूला सारला.

"हा नको रे. यात तुही माय भ्यायल्यावानी दिसते. त्या पुस्तकावरचा कापून दे."

"बाबा, खोटं हाय ते सारं. आई कुठं बरी झाली?"

"मले मालूम नाही काय? माह्याच मांडीवर जीव सोडला तिनं." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "पन हासतानी फोटो तिचा दुसरा कोनता हाय? सांग ना!"

अश्वजितनं कात्री घेतली. वरचं मासिकाचं नाव कापलं, खालची ओळ कापली. पण आईनं छातीपर्यंत ओढलेल्या चादरीवर कॉलेजचं नाव ठसठशीत छापलेलं होतं, आणि त्यावरच तिचे दोन्ही हात. नाव काढायचं तर आईचे हात कापावे लागत होते.

त्यानं कात्री खाली ठेवली. पंजाबरावांनी फोटो तसाच चौकटीत घालून मांडला आणि मेणबत्ती लावली. बुद्धवंदना सुरू झाली तशी जमलेली माणसं हात जोडून उभी राहिली, आईपुढं आणि त्या नावापुढंही.