भिवाच्या धाग्याने वाचवलेला सेन्सर

मी एका जुन्या मोटारीचा ऑक्सिजन सेन्सर आहे. मित्रांनो, माझी जागा धुराच्या नळीत. धुरात प्राणवायू किती उरला ते हुंगायचे आणि गाडीच्या संगणकाला कळवायचे, म्हणजे तो पेट्रोल कमी-जास्त करतो. काम चोख केले तर माझे नावही कोणी घेत नाही. मला त्याचा रागच यायचा.

मग एकदा नाव निघाले. मी बसलो होतो ती माधवरावांची गाडी सिग्नलला थरथरून बंद पडू लागली. काळाचौकीच्या गॅरेजात भिवाने तिची सर्व्हिस केली होती, आणि आठवड्यात ती दुसऱ्यांदा परत आली. भिवा मूळचा गिरणीतला साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. संपात काम गेले त्याला बावीस वर्षे झाली होती. किती उंबरे झिजवल्यावर ही नोकरी मिळाली होती. गाडी तिसऱ्यांदा आली तर तू येऊ नकोस, असे गॅरेजचे मालक शरच्चंद्र यांनी त्याला बजावले.

तपासणीच्या यंत्रावर माझे नाव आले: हवा जास्त, पेट्रोल कमी. खरेच तसे होते, म्हणून मी तसे सांगत होतो! पण मालकांनी मला काढून भंगाराच्या डब्यात टाकले आणि गिरगावातून आणलेला नवा सेन्सर बसवला. नव्यानेही तेच सांगितले.

माधवराव घड्याळ बघू लागले. मालक भिवाकडे बघू लागले. भिवा हळू आवाजात म्हणाला, "मालक, साच्यावर सूत तुटायचं तेव्हा आम्ही सुताला दोष नाय दिला. वारा कुठनं येतो ते बघायचो. पाच मिनटं द्या."

हात पुसायच्या बोळ्यातून त्याने एक धागा उपसला. वाऱ्याने धागा हलू नये म्हणून इंजिनाचा पंखा थांबू दिला. चालू इंजिनावर तो धागा नळ्यांजवळून फिरवू लागला. पहिली नळी झाली, दुसरी झाली. धागा नुसता लोंबत होता. डब्यात माझा जीव टांगणीला लागला. एका रबरी नळीच्या वळणाशी मात्र धागा चटकन आत ओढला गेला. तिथे केसाएवढी चीर होती आणि तिथूनच जास्तीची हवा शिरत होती.

नळी बदलली, गाडी शांत चालू लागली. मालकांनी नवा सेन्सर काढून खोक्यात घातला आणि मला उचलून भिवाच्या हातावर ठेवले.

"बसव. आणि उद्या लवकर ये, अशीच आणखी एक आलीय."

आता मी खरोखर म्हातारा झालो आहे, वास उशिरा कळतो. मित्रांनो, मी चुकीचे सांगू लागलो की मला खुशाल बदला. पण खरे सांगितले म्हणून काढू नका. भिवाला विचारा, परत बसवणारा हात दर वेळी भेटत नाही.