शंभर ग्रॅमची दया

वस्तीतल्या बायकांनी दोघी सिस्टरना दोन नावं ठेवली होती. केंद्रावर बसणाऱ्या मोठ्या सिस्टर म्हणजे करवत, आणि आठवडाभर घरोघरी जाऊन बाळांची वजनं घेणारी ती मऊताई. "करवतीनं काट्याला लावलं की पोराचं पावशेर तिथंच कापलं जातं," असं बायका म्हणायच्या आणि तोंडावर हात ठेवून हसायच्या. मऊताई आली की मात्र स्टूल पुढे यायचं आणि चहाचं भांडं चढायचं.

मऊताईला आपलं नाव आवडायचं. देवानं तिला स्वतःचं मूल दिलं नव्हतं. तिनं त्याबद्दल देवाशी भांडणही केलं नव्हतं, उलट तीनशे बाळं एकदम पदरात टाकली म्हणून ती रोज सकाळी त्याच्यापुढे हात जोडायची. तीनशे हा आकडा संशोधनाचा होता. नर्स दर आठवड्याला घरी गेली तर पहिल्या वर्षात बाळं कमी दगावतात का, हे संशोधन चालवणाऱ्या मॅडमना दोन वर्षांत शोधून काढायचं होतं. उत्तर 'हो' आलं तर आणखी चाळीस वस्त्यांना नर्स मिळणार होत्या. मॅडम कडक होत्या, पण मनानं खऱ्या होत्या. त्यांनी एक नियम घालून दिला होता. सलग दोन आठवडे वजन उतरलं की कार्डावर लाल फुली मारायची, आणि त्याच दिवशी केंद्राची गाडी बाळाला मोठ्या हॉस्पिटलात नेणार. घरातल्या कुणाची परवानगी लागणार नाही, सासूची तर नाहीच. ती लाल फुली म्हणजे गरीब घरातल्या सुनेला मिळालेला हुकमाचा पत्ताच म्हणा ना.

आता या नियमाला आपली मऊताई कशी आड आली, ते ऐका.

धुलाईच्या दुकानामागे एक कुटुंब राहत होतं. पुढे कपड्यांचे ढीग, मधे उकळत्या पाण्याची पिंपं, मागे दोन खोल्या. भिंतींना सदा घाम आलेला. घरात सासू, दोन मुलगे, दोन सुना. थोरल्या सुनेचं बाळ टोमॅटोसारखं लाल आणि टणक. धाकटीला चार वर्षांची मुलगी, आणि आता चार महिन्यांचा मुलगा. तो थोरलीच्या बाळापेक्षा पंधरा दिवसांनी मोठा, पण दिसायला तिच्या बाळाचा धाकटा भाऊ. सासूला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र चोख यायचे. दोन्ही बाळांची कार्डं तिनं दारामागच्या एकाच खिळ्याला टांगली होती. या घराचा वजनाचा वार मंगळवार; त्या दिवशी मऊताईची पाठ वळली की ती दोन्ही कार्डं शेजारी धरून बघायची.

"एकाच चुलीवरचं खातात दोघी," ती धाकटीला म्हणायची. "एकीचं दूध अंगी लागतं, दुसरीचं कुठं जातं? इस्त्रीत ओततेस का?"

त्या मंगळवारी चौकटीच्या हुकाला काटा अडकवून मऊताईनं बाळ झोळीत ठेवलं. सुई पाच किलो दोनशेवर थांबली. गेल्या आठवड्यातही तेवढीच होती.

धाकटीनं सुईकडे पाहिलं, मग दाराकडे. सासू पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होती.

"ताई, शंभरच ग्रॅम वाढवून लिहा ना. शंभर ग्रॅमनं काय होतंय? आज त्या जेवू घालायच्या नाहीत मला. आणि रडले की दूधच येत नाही."

हे शेवटचं वाक्य मऊताईला पटलं, कारण ते खरं होतं. घाबरलेल्या बाईचं दूध आटतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं आणि पन्नास घरांत पाहिलं होतं. दोन दिवस या पोरीला शांतता मिळाली तर बाळ खरंच शंभर ग्रॅम भरेल, मग खोटंही खरं होऊन जाईल. तिनं देवाचं नाव घेतलं आणि पाच किलो तीनशे लिहिलं. तिच्या हातून असे शंभर-शंभर ग्रॅम याआधीही आणखी दहा-अकरा घरांत गेले होते. सगळीकडे बाळांनी ते आठवड्याभरात फेडले होते.

या बाळानं फेडले नाहीत. पुढच्या मंगळवारी सुई पाच किलो शंभरवर आली. आता कार्डावर पाच तीनशेच्या खाली कसं जायचं? तिनं पाच चारशे लिहिलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी सुई पाचवर आली, आणि कार्डावर साडेपाच चढले. शंभराचे पाचशे झाले.

"पिताना याला फार घाम येतो, ताई," धाकटी म्हणाली. "दोन घोट घेतो आणि दमतो."

"या खोलीत मलाही घाम येतोय गं," मऊताई म्हणाली आणि चष्म्यावरची वाफ पुसली. कोरड्या खोलीत हेच वाक्य ऐकलं असतं तर तिचे कान टवकारले असते. पिताना घामानं डबडबणारं, दमणारं बाळ म्हणजे हृदयाकडे बघा, हे तिनं परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. धुलाईच्या वाफेत ते तिला दिसलं नाही.

तरी त्या दिवशी तिनं खरे आकडे मनात मोजले. सलग दोन आठवडे वजन उतरलं होतं, म्हणजे लाल फुलीचा दिवस आजचाच. पण कार्डावर आकडे जिन्यासारखे चढलेले, फुली मारायची कशी? मग तिनं मधली वाट काढली. निघताना सासूला म्हणाली, "आजी, बाळाला एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवून आणा बरं. सहज आपलं."

सासूनं खिळ्यावरचं कार्ड काढलं. बोट ठेवत आकडे वाचले. "पाच दोन, पाच तीन, पाच चार, साडेपाच. पोर चढतंय की! आणि चढत्या पोराला हॉस्पिटल कशाला? लग्नसराईसारखा कामाचा ढीग पडलाय इथं. एक दिवस हिचा तिकडे गेला तर तीनशे चादरी काय तुम्ही इस्त्री करणार?"

मऊताई हसली. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते. एवढंच झालं.

चौथ्या मंगळवारी काटा चार नऊशे. कार्ड पाच सहाशे. त्या दिवशी मऊताईनं धाकटीच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. येत्या सोमवारी मॅडमना सगळं सांगायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

गुरुवारी दुपारी धाकटी इस्त्रीवरून उठली, बाळाला कुशीत घेऊन आडवी झाली, पाजता पाजता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळ गार होतं.

शुक्रवारी मॅडम स्वतः आल्या. संशोधनातलं मूल गेलं की एक लांबलचक फॉर्म भरावा लागे. मऊताई त्यांच्यामागे उभी होती. मॅडमनी खिळ्यावरचं कार्ड नीट पाहिलं. वजन वाढतं, ताप नाही, जुलाब नाही.

"बाळ कुठं होतं?"

"कुशीत."

"तुम्ही जाग्या होतात?"

"डोळा लागला," धाकटी म्हणाली.

मॅडमनी लिहिलं, आणि मग घरच्यांना समजावं म्हणून हळू आवाजात म्हणाल्या, "चांगलं वाढणारं बाळ होतं. कधी कधी थकलेल्या आईचं अंग झोपेत बाळावर पडतं. तिला कुणी बोल लावू नका."

पहिली दोन वाक्यं सगळ्या घरानं ऐकली. तिसरं ऐकायला कुणी थांबलं नाही. मऊताईनं मॅडमच्या हातून कार्ड घेतलं आणि परत खिळ्याला टांगलं.

शनिवारपासून चार वर्षांची मुलगी थोरल्या काकूकडे झोपू लागली. "एकाला चिरडलं, दुसरी तरी राहू दे," सासू म्हणाली. रविवारी धाकटीच्या नवऱ्यानं तिला सांगून टाकलं, मंगळवारी माहेरी जा, मुलगी इथंच राहील. तो वाईट माणूस नव्हता. बायकोच्या हाताकडे बघवत नाही, एवढंच म्हणाला.

सोमवारी मऊताईनं मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

"आणखी किती कार्डांवर?"

"दहा-अकरा. पण ती बाळं ठणठणीत आहेत."

"म्हणजे दोन वर्षांचा एकही आकडा मला आता खरा धरता येत नाही." मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "चाळीस वस्त्या तुमच्यासारख्या बाईची वाट बघतायत. हे बाहेर गेलं तर एकही नर्स मिळणार नाही. एका बाईचं घर वाचवायला चाळीस वस्त्यांची पोरं घालवू? सांगा, तुम्ही दयाळू आहात ना?" मॅडमनी समोरची फाईल मिटली. "मी काही ऐकलं नाही. उद्यापासून तुम्ही येऊ नका. तब्येतीचं कारण लिहा."

मंगळवारी सकाळी ती काट्याशिवायच धुलाईच्या दुकानामागे गेली. दारात बोचकं बांधलेलं होतं. ती उभ्या उभ्याच बोलली, सासू, नवरा, थोरली, धाकटी, सगळ्यांसमोर. बाळ वाढत नव्हतं. तीन आठवडे उतरत होतं. घाम यायचा तो वाफेचा नव्हता, बहुतेक हृदयाचा आजार होता. आकडे मी खोटे लिहिले. हिचं अंग पडलं नाही. हिला घालवू नका.

इस्त्रीचं पाणी चुरचुरत राहिलं. सासूनं शांतपणे खिळ्यावरचं कार्ड काढलं.

"हे अक्षर तुमचंच ना, सिस्टर?"

"माझंच."

"तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा, आजी. देवाशपथ तेव्हा."

"तेव्हा का बोललात?"

"हिची दया आली म्हणून."

"आणि आता कुणाची आलीय?" सासूनं कार्ड तिच्या हातात दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेब मिळाल्यावर असतं तसं समाधान होतं. "सगळी वस्ती तुम्हाला ओळखते. सुनेचं घर वाचत असेल तर तुम्ही सूर्यालाही चंद्र म्हणाल. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांनी सांगितलं ते सांगितलं."

मऊताई धाकटीकडे वळली. आता शेवटचा आधार तीच होती. "तू सांग गं. तू सुई बघत होतीस. तूच मला म्हणालीस ना, शंभर ग्रॅम..."

बोलता बोलता तिला कळलं की आपण काय करतोय. पण शब्द बाहेर पडून गेले होते.

नवऱ्यानं मान वर केली. "हिनं सांगितलं होतं?"

धाकटी कधीची बोचक्याच्या गाठीवर हात ठेवून उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"कार्डावर वजन उतरलेलं असतं तर काय केलं असतं तुम्ही, ताई?" तिनं विचारलं.

"लाल फुली. गाडी आली असती."

"मग?"

मऊताईला त्या क्षणी गोड बोलता आलं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं. पण ती खरं बोलायला आली होती. "मग कदाचित वाचला असता."

धाकटीनं मान हलवली, जशी आपण भाव ऐकून न परवडणाऱ्या वस्तूकडे बघून मान हलवतो तशी.

"ताई खोटं बोलतायत," ती नवऱ्याला म्हणाली. "मी कधी सुई बघितली नाही. माझंच अंग पडलं."

"अगं!"

"झोपेत झालं ते," धाकटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं मऊताईच्या डोळ्यांत पाहिलं. मग आवाज इतका खाली आणला की तो फक्त तिलाच ऐकू जावा. "झोपेत झालं असं तरी राहू द्या, ताई. जागेपणी मी मागून घेतलं, हे घेऊन मी कुठं जाऊ?"

सासूनं धाकटीच्या नवऱ्याला खूण केली. त्यानं बोचकं उचललं. आतल्या खोलीत चार वर्षांची पोर रडायला लागली, तशी थोरलीनं दार ओढून घेतलं. धाकटी दुकानातून, चादरींच्या ढिगांमधून, पुढच्या रस्त्यावर गेली. मऊताई तिच्यामागे चार पावलं धावली, आणि धाकटीनं मागे न बघता हात मागे करून तिला थांबवलं.