ब्रशाचं टोक

आजोबांच्या हातांची थरथर जुन्या पांढऱ्या रंगातल्या शिशामुळे आहे, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं. ब्रशाला टोक काढायला आजोबा आयुष्यभर तो ओठांत धरून फिरवत आले होते.

त्यांची लेकही त्यांच्याच खोलीत, त्याच रंगांनी चित्रं काढायची. दवाखान्यातून परतताच ती रंगाच्या ट्यूबा फेकायला धावली आणि दारातच थबकली. तिची सात वर्षांची चिमी स्टुलावर बसून ढग रंगवत होती, आणि चिमीचे ओठ रंगानं पांढरे झाले होते.

आईनं तिला उचलून बेसिनपाशी नेलं. थरथरत्या हातांनी ग्लास भरभरून चुळा भरायला लावल्या. घाबरली होती, तरी तोंडाचा पट्टा सुटलाच. "या म्हाताऱ्याला अक्कल कधी येणार? नातीला कुणी असलं शिकवतं?"

"आजोबांनी नाही शिकवलं," चिमी थुंकत म्हणाली. "तू करतेस ना, तसं केलं."

"मी? कधी गं?"

"रोजच की."

आईनं नळ बंद करायला हात पुढे केला. तो अजून थरथरत होता. मघापासून ती ही थरथर भीतीची समजत होती.