गोळ्यांच्या डबीतला लसूण

मित्रांनो, मी गोळ्या ठेवायची एक जुनी डबी आहे. मला सात कप्पे आहेत, प्रत्येक झाकणावर एकेक वार छापलेला आहे. शुक्रवारचं झाकण जरा सैल झालंय, पण डबीच्या तब्येतीची चौकशी कोण करतं?

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. त्याच यंत्रातून माझ्याआधी साबणाच्या डब्या निघाल्या होत्या. त्या आयुष्यभर ओल्या राहणार आणि मी मात्र कोणाचा तरी जीव सांभाळणार, या विचाराने मी खोक्यातच ताठले. तो ताठा आता पार उतरला आहे.

मला एका टेलरमास्तरांच्या मुलीने विकत आणलं. मास्तरांचा रक्तदाब चढता होता आणि स्मरणशक्ती उतरती. मुलगी नोकरीला परगावी. दर रविवारी ती घरी यायची, माझ्यात आठवड्याच्या गोळ्या भरायची आणि मला कानाशी नेऊन हलवायची. मी खुळखुळले की तिचा जीव भांड्यात पडायचा. शिलाई मशीनवर, कात्रीच्या शेजारी माझी जागा होती. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "ही माझी सेक्रेटरी." मी भरून पावले होते.

मग मेहुणे आले.

मेहुणे म्हणजे मास्तरांच्या बायकोचे भाऊ. त्यांचं मास्तरांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. मेहुणे छत्री घ्या म्हणाले, की मास्तर मुद्दाम भिजून यायचे. पण त्या दिवशी मेहुणे म्हणाले, "दाजी, कशाला त्या गोळ्या गिळताय? रोज सकाळी लसणाची एक पाकळी गिळा. रक्तदाब सुतासारखा सरळ!"

आणि नेमकं हेच मास्तरांनी ऐकलं.

मुलगी रविवारी गोळ्या भरून गेली, की ते मला रिकामी करायचे आणि कप्प्याकप्प्यात सोललेला लसूण ठेवायचे. गोळ्या फेकवेनात, म्हणून त्या लसणाच्या टोपलीत, अगदी तळाशी. घरात सगळं शिस्तीत होतं, फक्त उलटं.

लसणाशी माझं वैर नाही हो. शनिवारची पाकळी स्वतःच रडकुंडीला आली होती. "बाई, मला भाजीत टाकायला सांग ना. इथे मी काय करू?"

मास्तरांना गरगरू लागलं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय त्यांनी खालून शिवून बंद केले.

"मास्तर, ही पँट आहे की पिशवी?"

"धुतल्यावर मोकळी होईल," मास्तर म्हणाले.

मला सगळं माहीत होतं. पण डबीला ओरडता येत नाही. फार तर खुळखुळता येतं. आणि लसूण, मित्रांनो, खुळखुळतसुद्धा नाही! माझी काय चिडचिड झाली असेल, विचार करा.

शेवटी पँटची हकिकत मास्तरांच्या बायकोने मुलीला फोनवर सांगितली. मुलगी मधल्याच वारी धावत आली. सवयीने तिने मला कानाशी नेऊन हलवलं. मी जीव खाऊन गप्प होते. तिने झाकण उघडलं.

"बाबा, हे काय आहे?"

"लसूण."

"ते दिसतंय! गोळ्या कुठे आहेत?"

"लसणात."

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि परत मोजला. "लसूण चांगलाच आहे, मास्तर. ठेचून, जरा वेळ ठेवून, जेवणात खुशाल खा. काहींचा रक्तदाब त्याने थोडा उतरतो. पण थोडा! तुमचा गच्चीवर जाऊन बसलाय. गोळी अशी मनाने बंद केलीत, तर एक दिवस मशीनवरच कोसळाल. कोणी सांगितलं हे?"

"मेहुण्यांनी."

"ते डॉक्टर आहेत?"

"पडदे विकतात."

तेव्हापासून गोळ्या माझ्यात आहेत आणि लसूण भाजीत. शनिवारच्या पाकळीचं भलं झालं. मास्तरांचं गरगरणं थांबलं, पँटना पाय फुटले. मेहुणे परवा येऊन म्हणाले, "बघा दाजी! शेवटी लसणानेच गुण दिला." मी रागाने सातही कप्प्यांतून खुळखुळले. तर म्हणतात, "ही डबी फार आवाज करते. हिच्यात जरा कापूस कोंबा."

मित्रांनो, हात जोडता येत नाहीत, म्हणून झाकणं उघडून विनवते. लसूण ताटात ठेवा, गोळी डबीत ठेवा, आणि मेहुणे आले तर चहा द्या, पाणी द्या, पण कापूस देऊ नका.