गरीब दिसायचा दिवस

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि मिस्त्री पडला.

खरं तर पानगळ म्हणजे मिस्त्रीचा हंगाम. झाडं पिवळी पडू लागली की घराघरांच्या पन्हळी पानांनी तुंबायच्या, छपरांवरची कौलं सरकायची, आणि "मिस्त्री, आमच्याकडे आधी या हो" म्हणत माणसं दारात उभी राहायची. कडाक्याची थंडी पडायच्या आत होतील तेवढी छपरं करायची आणि त्यावर अख्खा हिवाळा काढायचा, असा त्या घराचा शिरस्ता. यंदा हंगामाच्या तोंडालाच ओल्या पानांवरून शिडी सरकली. मिस्त्री खाली, शिडी त्याच्यावर, आणि पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

आता तो दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून समोरच्या छपराकडे बघायचा.

"ते कडेचं कौल बघ, निसटलंय."

"निसटू दे," मिस्त्रीणबाई म्हणायची. "तुम्ही तेवढे खुर्चीवरून निसटू नका."

मिस्त्रीणबाई लाँड्रीत इस्त्री करायची. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलांवरची पांढरी कापडं. पण पानं गळाली की हॉटेलंही ओस पडतात. चादरी कमी झाल्या, तिचं काम अर्ध्या दिवसावर आलं. घरात सासूबाई, दोन मुली आणि एक प्लास्टरचा पाय. तेव्हापासून मदत मंडळाचं खोकं दर आठवड्याला यायला लागलं. बटाटे, भोपळा, गाजरं, पीठ, तेल, थोडी सफरचंदं. पहिल्या खेपेला तिने दार अर्धंच उघडून ते आत ओढलं होतं, मांजराने उंदीर ओढावा तसं. मग सवय झाली. पोटाला लाज फार दिवस परवडत नाही.

पण खोक्यातलं सामान शिजायचं ते त्या घराच्या रीतीने. गार वारा सुटला की माळ्यावरचं मोठं पातेलं खाली निघायचं. भोपळा, बटाटा, गाजर मंद आचेवर गळेपर्यंत शिजवून, घोटून, वरून लोण्यात परतलेला कांदा घालून केलेलं दाट सूप. चमचा उभा राहील असं. संध्याकाळी त्याचा वास जिन्यावर गेला, की समोरच्या खोलीतून टिकटिककाका यायचे.

टिकटिककाका म्हणजे म्हातारे घड्याळवाले. हे नाव मुलींनी ठेवलेलं. बायको गेली, नजर मंदावली, दुकान बंद झालं. आता घड्याळाचे काटेही भिंगातून बघावे लागत. दार न वाजवता यायचे, खिशातून स्वतःचा चमचा काढायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, आज मला अगदी थोडं." मग दोनदा घ्यायचे. मिस्त्री धडधाकट होता तेव्हापासूनची ही रीत. खोकं सुरू झालं म्हणून ती मोडायची, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

आणि मग निरोप आला. हिवाळाभर खोकी कोणाला द्यायची हे ठरवायला मंडळाच्या चिटणीसबाई गुरुवारी संध्याकाळी घर बघायला येणार होत्या.

तळमजल्यावरची ताई हे ऐकून लगबगीने वर आली. तिला मंडळाचे कायदेकानू तोंडपाठ. "हे बघ, पडदा काढून ठेव. रेडिओ पलंगाखाली. पोरींना जुने स्वेटर घाल, कोपर फाटलेले. चूल थंड ठेव. आणि तू हसू नकोस, तुझं हसणं फार खात्यापित्या घरातल्यासारखं आहे."

"अगं पण पाहुणी येणार घरात..."

"पाहुणी नव्हे, पाहणी! गरीब नुसतं असून भागत नाही बाई, दिसावं लागतं."

ताई गेल्यावर घराची बैठक बसली. मिस्त्री म्हणाला, "तिचं बरोबर आहे. हिवाळ्याचा प्रश्न आहे. एक दिवस गरीब दिसलो तर अंगाला भोकं पडणार नाहीत." सासूबाईंनी मान हलवली. थोरली म्हणाली, ठीक. धाकटी म्हणाली, "मी खोकू का?" तिला गप्प केलं. ठरलं एकदाचं. गुरुवारी सगळ्यांनी गरीब दिसायचं.

गुरुवार उजाडला. मिस्त्रीणबाई जुने स्वेटर काढायला बसली. कोपरांना भोकं होती. फाटकं कापड हातात आलं आणि ते तसंच सोडलं, असं तिच्या हातांना कधी ठाऊकच नव्हतं. तिने फक्त भोकं रफू केली. रफू केल्यावर सुरकुत्या दिसायला लागल्या, म्हणून एकदाच इस्त्री फिरवली. इस्त्री तापलेलीच होती, म्हणून पडदाही उरकून घेतला. आणि इस्त्री केलेला पडदा कोणी घडी घालून ठेवतं का? तो खिडकीला गेला.

सासूबाईंनी सुनेची पाठ वळल्याचं बघून पितळी कड्या चिंचेने घासल्या. "हाताला काही चाळा नको का," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि घासता घासता त्यांच्या तोंडून नेहमीसारखं गाणं सुटलं.

*"वारा आला बाई, वाऱ्याने पान नेलं,*
*माझ्या दाराला गं, मीच उघडं ठेवलं."*

थोरलीने सगळ्यांचे जोडे पॉलिश करून ओळीने मांडले. मिस्त्रीला दाराच्या बिजागरीची कुरकुर सहन होईना. परक्या माणसासमोर आपल्या घराचं दार रडतं म्हणजे काय! त्याने खुर्ची सरकवत नेली आणि तेल सोडलं. आणि धाकटीने, जिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं, खालून लाल-पिवळी पानं आणून बरणीत लावली.

प्रत्येकाने एकच काम केलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं एक काय दिसणार आहे.

संध्याकाळी मिस्त्रीणबाई मधोमध उभी राहिली आणि तिने चारी बाजूंना बघितलं. घर लग्नाच्या दिवशीही इतकं लखलखलं नव्हतं.

"हे काय केलंत तुम्ही सगळ्यांनी!"

"आणि पातेल्यात काय रटरटतंय?" मिस्त्रीने विचारलं.

तिने घाईने झाकण ठेवलं. कारण ते तिचंच होतं. थंडीत चार जिने चढून बाई येणार, आणि तिच्यापुढे थंड चूल ठेवायची, एवढा धीर तिला झाला नव्हता. ओव्हनमध्ये दालचिनी लावलेली सफरचंदंही होती, पण ते तिने सांगितलं नाही. वासाने सांगितलंच.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. काकांना आज येऊ नका असं सांगायचं. ते कोणी सांगायचं यावर बैठकीत कोणी बोललं नव्हतं, कारण ते कोणालाच सांगायचं नव्हतं.

चिटणीसबाई आल्या. नाक थंडीने लाल, बुटांना ओली पानं चिकटलेली, सकाळपासून जिने चढून चढून गुडघ्यांचं पाणी झालेलं. त्यांनी पडदा बघितला, कड्या बघितल्या, जोड्यांची रांग बघितली.

"घर छान ठेवलंय," त्या सावकाश म्हणाल्या.

मग सासूबाईंनाच राहवेना. "बसा आधी. उभ्याने काय बघायचं असतं?"

बसल्या. पुढ्यात वाडगा आला. नाही, नको, कामावर आहे, असं म्हणता म्हणता त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. दुसरा वाडगा त्यांनी मागितला नाही. मिस्त्रीणबाईने न विचारता वाढला. "किती दिवसांनी मी बसून काही खाल्लं," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावरची मंडळाची घडी जराशी विस्कटली. मिस्त्रीने पाय कसा मोडला ते सांगितलं, लाँड्रीचं काम कसं आटलं ते सांगितलं. त्या मनापासून ऐकत होत्या. जमलं, असं मिस्त्रीणबाईला वाटलं. चुकतमाकत का होईना, जमलं.

तेवढ्यात दार उघडलं. बिजागरी आज कुरकुरली नाही, त्यामुळे काका एकदम आतच.

"सूनबाई, आज अगदी थोडं हं." चमचा बाहेर. आपल्या जागी बसलेसुद्धा. सवयीने थोरलीने वाडगा भरून दिला आणि काकांनी चमचा बुडवला. मग खिशातून भिंग काढून त्यांनी चिटणीसबाईंकडे बघितलं. "पाहुण्या आहेत वाटतं?"

"हे तुमच्या घरातले?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"समोरचे," धाकटी उत्साहाने म्हणाली. "टिकटिककाका. रोज..."

थोरलीने तिच्या पायावर पाय दिला. पण 'रोज' हवेत राहिलंच.

चिटणीसबाईंनी वाडगा खाली ठेवला. आवाजही खाली आला. "अडचण होते हो अशाने. खोकं घरातल्या माणसांसाठी असतं. घेणारे बाहेर वाटतात असं कळलं, की आमची समिती म्हणते, यांच्याकडे जास्तीचं आहे, नाव काढा. हे आज सहज आले असतील... कधी नव्हे ते. तसं असेल तर मी काही बघितलं नाही."

चिटणीसबाईंनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं. आता फक्त 'हो' म्हणायचं. तेवढंही नको, नुसतं गप्प बसलं तरी चाललं असतं. मिस्त्री बायकोकडे बघत होता, आणि त्याची नजर म्हणत होती, गप्प बस, तुला शपथ आहे, गप्प बस.

काकांची नजर मंद होती, कान मात्र तिखट होते. त्यांनी भरला वाडगा हळूच पुढे सरकवला. "मी रोज कुठला येतोय! वास आला म्हणून डोकावलो. माझा स्वयंपाक तयार आहे की घरी." चमचा रुमालात न पुसता तसाच ओला खिशात घातला आणि टेबलाचा आधार घेत ते उठू लागले.

तो ओला चमचा मिस्त्रीणबाईने बघितला. काकांच्या घरी काय तयार होतं ते तिला ठाऊक होतं. कालचा पाव. आणि उद्यापासून हे दार न उघडता ते त्या पावासमोर बसतील, तिच्या घरचा वास घेत, कारण त्यांनीच सांगितलंय की ते येत नाहीत.

"बसा काका."

"नाही, नाही, मी..."

"बसा म्हणते ना! खोटं बोलताहेत हो हे. रोज येतात. दोनदा घेतात. उद्याही येतील."

"अगं!" मिस्त्री कळवळला.

"बाई," चिटणीसबाई म्हणाल्या, "मी तुम्हाला वाट काढून देतेय."

"कळतंय मला. तुम्ही वाईट नाही, म्हणून तर दुसऱ्यांदा वाढलं. पण तुमची ती वाट या म्हाताऱ्याच्या पाठीवरून जाते. तिच्यावरून मी माझ्या पोरींना नेणार नाही."

"म्हणजे तुम्हाला गरज नाही असं समजायचं का?"

"गरज आहे! हा पाय काय शोभेचा आहे? पुढच्या महिन्यात या घरात काय शिजेल ते मला माहीत नाही. आणि काका इथे जेवतात. दोन्ही खरं आहे. तुमच्या समितीच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी मावत नसतील, तर त्याला मी काय करू?"

सासूबाई खुदकन हसल्या. चिटणीसबाई हसल्या नाहीत.

"एक विचारू?" मिस्त्रीणबाई आता थांबत नव्हती. "खोकं कोणाच्या दारात ठेवून तुम्ही घरी जाता, तेव्हा बरं वाटतं ना? छाती जराशी रुंद होते?"

"...होते."

"मग आमचीही होऊ द्या की. घेणाऱ्याने नुसतं घेतच राहायचं, वाढायचं नाही, हे कोणी ठरवलं? तुमचे बटाटे घेतले मी. वाढायचा हात नाही दिला तुम्हाला."

चिटणीसबाईंनी वाडगा बाजूला सरकवला.

"समितीला काय सांगू मी?" चिटणीसबाईंनी अगदी हळू विचारलं.

"बघितलंत तसं सांगा."

"मग नाव जाईल."

"जाऊ दे."

त्या उठल्या. कोट चढवला. दारात क्षणभर थांबल्या आणि निघाल्या. त्यांच्या पावलांचा आवाज चारी जिने उतरून गेला. मग मिस्त्रीणबाईने सफरचंदं बाहेर काढली आणि पहिलं काकांपुढे ठेवलं. काकांना ते दिसत नव्हतं असं नाही, पण त्यांना चमचा सापडायला फार वेळ लागला.

मिस्त्री मात्र बोलेना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाला, "मान ताठ ठेवून पातेलं भरत नाही."

"नाही भरत," ती म्हणाली. हे तिला त्याच्याआधी कळलं होतं. लाँड्रीच्या मालकिणीला गाठून तिने घरी न्यायचे गठ्ठे मागून घेतले होते. शर्टांचे, जे कोणी करायला मागत नाही, कारण कॉलरींनी जीव जातो. खोलीत आता सुपाच्या आधी गरम सुती कापडाचा वास यायचा. भोपळा संपला. लोणी संपलं. पातेल्यात पाण्याचा वाटा वाढत गेला. वाडगे मात्र मांडले जायचे तेवढेच.

नाव गेलंच. पण पुढच्या गुरुवारी जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. दारात मंडळाचा हमाल उभा होता, खांद्यावर खोकं. पायांना सवय झालेली, ते त्याला आपोआप वर घेऊन आले होते. खोक्यावरचं नाव वाचून तो ओशाळला.

"चुकलं बाई. हे खालच्या मजल्यावरचं. तुमचं नाव आता..."

"कापलंय, ठाऊक आहे. तुमची भूक नाही ना कापली त्यांनी? खोकं ठेवा जिन्यात, आणि बसा."

"मी? नको, आणखी घरांचे जिने चढायचेत..."

"मग तर बसाच!" सासूबाई आतून ओरडल्या. "सूप पातळ आहे, पिऊन होईल पटकन."

हमाल आत आला. टेबलाशी काका, मुली, सासूबाई, जागाच नव्हती. मिस्त्रीणबाईने नवऱ्याकडे बघितलं नाही. वाढत राहिली.

मिस्त्रीने दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून स्टुलावरून खाली घेतला. कण्हला. मग दुसऱ्या, धड पायानेच स्टूल हमालाकडे ढकलत म्हणाला, "बसा हो. आणि ही म्हणेल तेवढं घ्या, वाद घालू नका. आमच्याकडे त्याचा काही उपयोग होत नाही."