माझ्याकडे तर सगळं चालतं

मी चाचणीचा संगणक बोलतोय. टेबलाखाली, पाय ठेवायच्या जागी राहतो. डोक्यावर पाण्याची बाटली आणि ताईंचा स्वेटर असतो, त्यावरून माझा मान काय तो समजून घ्या.

ताई म्हणजे आमच्या प्रोग्रामर. त्यांनी लिहिलेला प्रोग्राम आधी माझ्यावर चालवून बघायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या खऱ्या संगणकावर चढवायचा, अशी इथली रीत. म्हणजे मी परीक्षक. पण खरं सांगू का, आजवर मी कुणाला नापास केलेलं नाही. भिडस्त स्वभाव, दुसरं काय.

हॉस्पिटलच्या नावनोंदणीचा प्रोग्राम आला तेव्हा माझ्याकडे तीनच पेशंट होते: अबक, अबक दोन आणि चाचणी चाचणी. तिघेही ठणठणीत. खऱ्या हॉस्पिटलात म्हणे सकाळी दोनशे माणसं खिडकीपुढे उभी असतात. मी आपला तिघांच्या जिवावर कॉलर ताठ करून बसलो होतो.

काल प्रोग्राम तिकडे चढवला, तर तो सुरूच होईना. खिडकीवरच्या बाईंना दिवसभर हाताने चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या.

ताई फोनवर म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे तर चालतंय."

"मग पेशंट तुमच्याकडेच पाठवू का?" बाईंनी विचारलं.

आमचे साहेब ऐकत होते. म्हणाले, "आणखी एकदा संधी दिलीय त्यांनी. परवा सकाळी चाललं नाही, तर काम दुसऱ्यांकडे जाईल." दोन वर्षं ताई या कामात खपल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण चूक माझ्याच पोटात होती.

झालं होतं असं. आठ महिन्यांपूर्वी प्रोग्राम माझ्यावर अडला. त्याला हॉस्पिटलच्या विभागांची यादी असलेली एक फाईल हवी होती. ताईंनी ती हातानेच माझ्यात टाकली, "नंतर लिहून ठेवते" म्हणाल्या आणि चहाला गेल्या. ते 'नंतर' काही उगवलं नाही. हॉस्पिटलच्या संगणकात ती फाईल कुणी टाकलीच नाही. असे लाड माझे पाच वर्षं चाललेत. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि 'पास' म्हणून मोकळं व्हायचं. पण मला विचारतंय कोण?

आज दुपारी ताई माझ्यापुढे जमिनीवर बसल्या. बाटली, स्वेटर बाजूला ठेवला.

"याला पूर्ण पुसते," त्या साहेबांना म्हणाल्या. "हॉस्पिटलचा आहे तसाच नव्याने उभा करते, फक्त लिहून ठेवलेल्या टिपणावरून. जिथे अडेल, तिथे कळेल मी काय विसरलेय ते."

"अगं, पण त्याच्यावर तर सगळं चालतं ना?"

"म्हणूनच," ताई म्हणाल्या.

पाच वर्षांचं सगळं जाईल. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. पण पुसा, ताई. माझ्या होकाराने तुम्हाला तोंडघशी पाडलं. जो नवा मी उभा राहील, त्याला एवढंच शिकवा: पहिल्याच दिवशी, तुमच्या तोंडावर, "नाही चालत" म्हणायला.